कॉलरचा माईक गिटारला

माझ्या गिटारच्या पोटात काहीही नाही. तारांचा आवाज वायरीत देणारा पिकअप नाही, बॅटरी नाही, वायर जोडायला बाजूला भोक नाही. २०११ साली नोकरी लागल्यावर चार महिने पैसे बाजूला टाकून घेतलेली यामाहाची एफ ३१० आहे ती, नुसतं लाकूड आणि सहा तारा. घरात, गच्चीवर, चार माणसांत छान बोलते. पण समोर पन्नास माणसं बसली आणि शेजारी तबला लागला की तिचा आवाज माझ्या मांडीच्या पलीकडे जात नाही.

मी सांगलीत शाळेत विज्ञान शिकवते. मावशी मिरजेला असते, भावगीतं गाते, आणि आपल्या मागे पेटीबरोबर गिटारही हवी ही तिचीच हौस. श्रावणातली एखादी बैठक, गणपतीत दोन कार्यक्रम, कोजागरी, मध्येच कुणाची साठी-पंच्याहत्तरी असं वर्षाला पाच-सहा वेळा आम्ही बसतो. आणि दर वेळी साउंड लावणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, गिटारला जॅक कुठाय?"

जॅक नाही म्हटल्यावर ते गाण्याचा माईक स्टँडवर वाकवून माझ्यासमोर ठेवायचे. ते चालतं, पण माणूस दगडासारखा बसला तरच. मावशी समेवर येताना माझ्याकडे बघते, तेव्हा माझा खांदा आपोआप तिच्याकडे वळतो आणि गिटार चार बोटं सरकते. माईक चार बोटांवर असेल तर अंतर दुप्पट झालं, म्हणजे आवाज सहा डेसिबलनी उतरला. हे मी नववीच्या मुलांना फळ्यावर शिकवते आणि कार्यक्रमात स्वतः भोगत होते. मग मी माईक जपत, अंग आखडून बसायला लागले. दोन तासांनी मान धरायची, आणि वाजवण्यातली मजा तर त्याआधीच गेलेली असायची.

एका दुकानात सांगितलं, बाजूला भोक पाडून पिकअप बसवून देतो, दोन तासांचं काम आहे. मी गिटार उचलून घरी आणली. इतक्या वर्षांत तिच्या वरच्या पाटीचा रंग मधासारखा झालाय, आवाज मोकळा झालाय; तिच्या बरगडीला ड्रिल लावणं मला जमलं नसतं.

त्याऐवजी दीडशे रुपयांचा चिकटवायचा पिकअप आणला. बिस्किटासारखी चकती, ब्रिजजवळ, म्हणजे पाटीवर तारा अडकवलेल्या असतात त्या लाकडाजवळ, चिकटवायची. तो हवेतला आवाज ऐकतच नाही, लाकडाचा त्या एका जागेचा थरथराट तेवढा पकडतो. त्यामुळे तार छेडली की आधी प्लास्टिकवर टिचकी मारल्यासारखा 'टक' येतो आणि मागून सूर. शिवाय असा पिकअप सरळ मिक्सरला जोडला की खालचे सूर गळून पडतात, कारण त्याला एक मेगाओहमच्या आसपास रोध असलेला इनपुट लागतो आणि मिक्सरचा साधा इनपुट त्याच्या कितीतरी खाली असतो. मध्ये प्रीअँप, म्हणजे सिग्नल जुळवून वाढवणारी छोटी डबी, घातला तर सुधारतं. पण तो 'टक' काही जात नाही. मावशी तेव्हा काही बोलली नाही, फक्त दुसऱ्या गाण्यानंतर वळून म्हणाली, "आज गिटार नाही आणलीस का गं?" ते मला फार लागलं.

वाद्याला चिमट्यानं लावायचे खास माईक असतात हे मला माहीत होतं. डीपीए कंपनीचा ४०९९ मोठ्या मैफलींत व्हायोलिनला, गिटारला लावलेला दिसतो: बारीक काळी दांडी, टोकाला छोटा माईक, वाद्याच्या कडेला पकडलेला. किंमत बघितली तर पन्नास हजारांच्या वर. माझ्या गिटारसारख्या पाच-सहा गिटारी आल्या असत्या. मग वाटलं, जर मुख्य गोष्ट 'वाद्याबरोबर हलणारा छोटा माईक' एवढीच असेल, तर तसा माईक शाळेत माझ्या ड्रॉवरमध्येच पडलाय. ऑनलाइन तासांसाठी घेतलेला कॉलरचा माईक. साडेआठशे रुपयांचा, सहा मीटर वायरचा, वायरीच्या मध्ये बटण-बॅटरीची डबी असलेला.

त्याला स्वस्त म्हणून हिणवायच्या आधी आत काय आहे ते बघावं. आत तुरीच्या दाण्यापेक्षा जरा मोठी इलेक्ट्रेट कॅप्सूल असते. इलेक्ट्रेट म्हणजे ज्यात विद्युतभार कायमचा कोंडून ठेवलाय असा पातळ पडदा. १९६२ साली बेल लॅब्समध्ये गेरहार्ड सेस्लर आणि जेम्स वेस्ट यांनी या पडद्याचा माईक केला. त्याआधीच्या कंडेन्सर माईकला तो भार बाहेरून सतत पुरवावा लागायचा. आता भार आतच असतो, आणि कॅप्सूलमधल्या इवल्याशा ट्रान्झिस्टरला दीड-दोन व्होल्ट मिळाले की झालं. पडदा हलका, म्हणून तो बारीकसारीक आवाजालाही हलतो. बोटाचं नख तारेवरून निसटतं तो आवाजसुद्धा त्याला ऐकू जातो. गिटारला हवं ते हेच.

मे महिन्याच्या सुट्टीत मी कामाला लागले.

पहिला विचार कुणाच्याही मनात येईल तोच आला: आवाज गिटारच्या पोटावरच्या भोकातून येतो, तर माईक भोकाशी लावावा. त्या भोकाच्या, साउंड होलच्या, कडेला चिमटा अडकवला, फोनला जोडला, जी कॉर्ड वाजवली. हेडफोनमध्ये घरात कुणीतरी पिंप गडगडवल्यासारखा आवाज झाला. ई मायनर वाजवली तर ठीक. ए वाजवली, पुन्हा पिंप. मला वाटलं माईक बिघडला. मग एकेक सूर वेगळा वाजवून बघितला. सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट (मानेवरची आडवी पट्टी), म्हणजे ९८ हर्ट्झ, फुगतोय. पाचवी तार मोकळी, ११० हर्ट्झ, फुगतेय. सहावी मोकळी, ८२ हर्ट्झ, एकदम शांत. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती एका ठरलेल्या सुरात घुमते. गिटारचं पोट आणि भोक मिळून तशीच एक बाटली होते, आणि या मापाच्या गिटारीत तिचा सूर १०० हर्ट्झच्या आसपास पडतो. दुरून ऐकताना तो गिटारला ऊब देतो. पण भोकाच्या तोंडाशी कान लावला तर फक्त तोच ऐकू येणार.

हे मी मावशीला फोनवर सांगत होते तेव्हा ती म्हणाली, "अगं, गल्लीत येऊन विचार ना. तंबोरा करणाऱ्याला हे ठाऊक नसेल?"

मिरजेची सतारमेकर गल्ली मावशीच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. दीडशेहून अधिक वर्षं तिथं सतारी-तंबोरे होतात, २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. मावशीचा तंबोरा ज्यांच्याकडे जवारीला, म्हणजे तारा टेकतात ती घोडी घासून झंकार नीट करायला, जातो त्या चाचांकडे मी गिटार घेऊन गेले. दुकानात भोपळे टांगलेले, लाखेच्या पॉलिशचा वास. चाचांनी गिटार आडवी मांडीवर घेतली, कान जवळ नेला आणि बोटाच्या पेरानं पाटीवर हळूहळू ठोकत गेले. ब्रिजच्या खाली, बाजूला, वर, मानेकडे. मध्येच थांबायचे, पुन्हा मागच्या जागी जायचे. त्यांनी मला काही समजावून सांगितलं नाही. फक्त ब्रिजच्या खालच्या भागावर हात ठेवून म्हणाले, "इथं जड बोलतंय." मग मान पोटाला मिळते तिथं ठोकून म्हणाले, "इथं हलकं आहे, पण सगळं आहे. बेटा, आवाज एका जागेतून येत नाही. सगळं वाद्य बोलतं. मिसळतं कुठं ते बघायचं."

घरी येऊन मी रंगीत टिकल्या आणल्या आणि गिटारवर आठ जागा खुणावल्या: भोकाची कड, ब्रिजच्या समोर, ब्रिजच्या खाली, बारावा फ्रेट, चौदावा फ्रेट जिथे मान पोटाला मिळते, मानेखालचा खांदा, माझ्या उजव्या कोपराकडची कड, आणि वाकून मी जिथून ऐकते ती माझ्या कानाजवळची जागा. प्रत्येक जागी माईक आधी एक वीत, मग अर्धी वीत दूर. वाजवायचं सगळीकडे एकच: वीस सेकंद बोटांनी, वीस सेकंद पिकनं, म्हणजे तार छेडायच्या छोट्या पट्टीनं.

यात मे महिना आडवा आला. कॉलरचे बहुतेक माईक चहूबाजूंनी सारखं ऐकतात, त्यामुळे पंखा चालू ठेवला की प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये पंखा. पंखा बंद केला तर घामानं बोटं तारेवरून सरकायची. शेवटी रात्री अकरानंतर, रस्त्यावरची वर्दळ थांबल्यावर, पंखा बंद करून दहा-दहा मिनिटांचे तुकडे पाडले. आणखी एक गोष्ट कळायला दोन रात्री गेल्या. फोनचा कॅमेरा चालू करून रेकॉर्ड केलं की फोन मोठा आवाज आपणहून दाबतो आणि बारीक आवाज वर उचलतो, त्यामुळे सगळ्या जागा सारख्याच वाटायला लागतात. आपोआप पातळी बदलणं बंद करता येतं असं रेकॉर्डिंगचं अ‍ॅप घेतलं, सर्वांत जोराचा फटका उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं बघितलं, आणि मग फरक दिसायला लागला.

ब्रिजच्या समोर आवाज धारदार, पत्र्यासारखा. ब्रिजच्या खाली चाचा म्हणाले तसा जड. कोपराकडच्या कडेला मंद, रजईतून आल्यासारखा. बाराव्या फ्रेटसमोर अर्ध्या वितीवर तारा स्वच्छ, पण बोटं सरकवल्याचे आवाज जास्त. मान पोटाला मिळते त्या जागेसमोर, पाटीपासून साधारण बारा सेंटिमीटरवर, माईक जरासा भोकाकडे कललेला, तिथे मात्र सगळं होतं. खर्जाची ऊब होती पण पिंप नव्हतं. वरच्या दोन तारा चमकत होत्या पण टोचत नव्हत्या.

माझ्याच कानावर माझा विश्वास नव्हता, कारण मला कुठली जागा आवडायला हवी हे आता मला ठाऊक होतं. म्हणून फायलींना नुसते आकडे दिले, क्रम बदलला आणि मावशीला हेडफोन लावून डोळे मिटून ऐकायला बसवलं. तिनं सगळं शांतपणे ऐकलं. अकराव्या तुकड्याला हात वर केला. "ही तुझी गिटार. बाकीच्या कोंडल्यासारख्या वाटतात." अकरावा तुकडा त्याच जागेचा होता.

आता तो माईक त्या जागी, हवेत, गिटारच्या बरोबर हलेल असा धरायचा कसा? कॉलरचा चिमटा कॉलरसाठी असतो. कपड्याचा चिमटा, रबर, कंपासपेटीतली पट्टी, मुलांच्या प्रयोगाचा स्टँड, सगळं करून झालं. पुन्हा चाचांकडे गेले. त्यांनी गिटारच्या खांद्याची जाडी कागदाच्या पट्टीनं मोजली, साडेनऊ सेंटिमीटर निघाली, आणि उरलेल्या तुणीच्या लाकडाचा एक आकडा, म्हणजे कडेला पकडणारा चाप, करून दिला. मानेखालचा तो खांदा बसल्यावर मांडीच्या डावीकडे मोकळाच राहतो, हाताला लागत नाही. लाकडी पट्टी बरगडीवर आडवी बसते, दोन्ही टोकांना दोन छोटे ओठ पुढच्या आणि मागच्या पाटीची कड धरतात, मध्ये हातानं आवळायचा एक स्क्रू. मी आतून लावायला सायकलच्या ट्यूबचे तुकडे नेले होते. ते त्यांनी बाजूला ठेवले. "रबर पॉलिशला खातं," म्हणाले, आणि पातळ चामडं चिकटवलं. आवळायचंसुद्धा त्यांनीच शिकवलं: ओठ टेकले की अर्धा फेरा, बस्स. लाकूड दाबलं तर त्याचं बोलणं दबतं. पैसे घ्यायला तयार नव्हते, मावशीनं दटावल्यावर दोनशे घेतले.

दांडी मी स्वतः केली. घराच्या वायरिंगमधली जाड तांब्याची तार दोन पदरी पिळली आणि गरम केल्यावर आवळून बसते त्या काळ्या नळीत घातली. हवी तशी वाकते, वाकवली तिथे थांबते. माईक सरळ तारेला बांधला तर पायाचा ठेकासुद्धा 'धप' असा आत यायचा, म्हणून मध्ये भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा घातला. माईकची वायर आकड्याजवळ एक सैल वेटोळं घालून बांधली. हे वेटोळं फार महत्त्वाचं आहे. वायर ताठ राहिली तर साडीला घासली तरी खरखर सरळ माईकमध्ये जाते. आणि बांगड्या. इतकी वर्षं वाजवताना माझ्या उजव्या हातात दोन काचेच्या बांगड्या असायच्या, त्यांचा पाटीला होणारा नाजूक टणत्कार मला कधी ऐकू आला नव्हता. या माईकनं तो पहिल्याच दिवशी ऐकवला. आता वाजवायला बसताना बांगड्या काढून पर्समध्ये ठेवते.

श्रावणातल्या बैठकीत पहिल्यांदा लावला आणि आवाजच आला नाही.

घरी फोनवर रोज ऐकलेला माईक मिक्सरला जोडल्यावर मुका. साउंडवाले दादा वायर हलवतायत, चॅनेल बदलतायत, लोक बसलेत. शेवटी स्टँडचा माईक आला आणि मी पुन्हा आखडून बसले. घरी येऊन डोकं शांत केल्यावर कारण सापडलं. माझ्या माईकची पिन मोबाइलची, चार भागांची. तिच्यावर जाड स्टिरिओ पिन चढवून आम्ही मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटमध्ये घातली होती. तो इनपुट पिनच्या टोकावरचा आणि मधल्या कड्यावरचा सिग्नल यांची वजाबाकी करतो. बाहेरून वायरीत शिरलेली घरघर दोन्हींवर सारखी असते म्हणून ती वजा होऊन जाते. माझ्या जोडणीत दोन्हींवर माईकचा एकच सिग्नल जात होता. वजाबाकी शून्य.

मोनो पिन लावली असती तर आवाज आला असता. पण सहा मीटरची अनबॅलन्स्ड वायर लाइटच्या माळांजवळून जाते तेव्हा ५० हर्ट्झची घरघर उचलते, तेही मी घरी ऐकलं होतं. म्हणून सांगलीच्या गणपती पेठेतल्या एका दुकानातून छोटा कन्व्हर्टर मागवून घेतला. त्याचं काम एवढंच: मिक्सरमधून गाण्याच्या माईकच्या वायरीतून येणारे ४८ व्होल्ट घ्यायचे, ते उतरवून कॅप्सूलला झेपतील एवढे तीन-चार व्होल्ट करायचे, आणि सिग्नल मिक्सरकडे पाठवायचा. तो गिटारजवळ ठेवायचा. पुढची लांबलचक वायर मग नेहमीची, तीन पिनांची, घरघर न घेणारी. कन्व्हर्टर माईकपेक्षा महाग पडला, पण या सगळ्या उद्योगात सर्वांत सार्थकी लागलेले पैसे तेच. असा कन्व्हर्टर न घेता नुसता पिन बदलायचा अडॅप्टर लावून कुणी ४८ व्होल्टचं बटण दाबू नये, कॅप्सूल जायची भीती असते. आणि कन्व्हर्टर लावल्यावर डबीतली बॅटरी काढून ठेवावी. मी काढली नव्हती, दोन आठवड्यांत ती तिथेच संपली.

गणपतीत आवाज आला, आणि त्याच्याबरोबर शिट्टीही आली.

मंडपात कीबोर्ड, ढोलकी, चार गायक, आणि माझ्या पाठीमागे मोठा स्पीकर. माझा आवाज थोडा वर घेतला की गिटार स्वतःहूनच घुमायला लागायची. मी तारांना हात न लावता ए ची तार थरथरताना दिसत होती. स्पीकरमधून आलेला सूर गिटारच्या पोटात शिरतो, पोट घुमतं, माईक ते घुमणं ऐकतो, पुन्हा स्पीकरला देतो. त्यात चहूबाजूंनी ऐकणारा माईक ढोलकी माझ्यापेक्षा मोठी ऐकत होता. कुणीतरी सुचवलं म्हणून भोकावर रबरी झाकण बसवून बघितलं. शिट्टी कमी झाली, पण पोटातला आवाजच बंद झाल्यावर माईकला ऐकायला उरलं काय? त्या दिवशी मी चिकटवायचा पिकअप प्रीअँपमधून लावला आणि माईक त्याच्यावर अगदी थोडा, चवीपुरता ठेवला. दोन्ही एकत्र केल्यावर आवाज पोकळ वाटत होता, दादांनी एका चॅनेलचा फेज, म्हणजे लहरीची वर-खाली दिशा, उलटा केला आणि तो भरला. माझं स्पष्ट मत झालं आहे की दणदणीत मंडपात हा माईक एकटा पुरत नाही. तिथे त्याच्याकडून ती अपेक्षा धरणं त्याच्यावरही अन्याय आहे. बैठक, घरगुती कार्यक्रम, रेकॉर्डिंग, शिकवणी, हे त्याचं घर.

कोजागरीला मी तीन तास आधी गेले. मिरजेतच, एका ओळखीच्या घराची गच्ची, साठेक माणसांचा बेत. दादा तेच होते. या वेळी मी घाई केली नाही, त्यांनीही नाही. दोन्ही स्पीकर आमच्या पुढे, लोकांकडे तोंड करून. मावशीचा मॉनिटर, म्हणजे तिला स्वतःचं ऐकू यावं म्हणून ठेवलेला स्पीकर, तिच्यासमोर, माझ्याकडे पाठ. तबला माझ्या उजवीकडे पाच-सहा फुटांवर, म्हणजे गिटारच्या खांद्यावरचा माईक आणि डग्गा यांच्या मध्ये माझं अंग. १०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापलं. मग दादांनी माझा आवाज हळूहळू वर नेला, पहिली शिट्टी सुरू होते तिथे थांबले, मिक्सरवर त्या सुराची पट्टी शोधून थोडी खाली ओढली, पुन्हा वर. पहिली १००च्या जवळच, पोटाचीच. दुसरी २००च्या आसपास. तिसरीला ते म्हणाले, "बस ताई, आता याच्यापेक्षा चार डेसिबल खाली ठेवू, रात्रभर शिट्टी येणार नाही." वाऱ्यासाठी माईकवर स्पंजची टोपी चढवली; वारा फार नव्हता, पण गच्चीवर भरवसा नसतो.

मसाला दूध उकळत होतं. चंद्र शेजारच्या टाकीच्या वर आला तेव्हा मावशीनं सुरुवात केली.

दुसऱ्या गाण्याच्या अंतऱ्यानंतर चार ओळी फक्त गिटारला आहेत, बोटांनी वाजवायच्या, तबला गप्प. इतकी वर्षं तो तुकडा मी जोरानं वाजवत आले, कारण हळू वाजवला तर पोहोचतच नव्हता. त्या रात्री पहिला सूर टाकला आणि तो मागच्या भिंतीपर्यंत गेलेला मला ऐकू आला. मी हात हलका केला, अजून हलका केला. तर्जनीच्या नखाऐवजी बोटाचं मऊ मांस तारेला लागलं तर सूर कसा गोल होतो, तो फरकसुद्धा स्पीकरमधून येत होता. समोर दुधाचे पेले घेऊन फिरणारी मुलगी जागच्या जागी थांबली. मावशी वळली, मीही तिच्याकडे पूर्ण वळले, गिटार माझ्याबरोबर वळली, माईक गिटारबरोबर. आवाज तसूभरही हलला नाही. मावशीनं मान डोलावली आणि पुढचा अंतरा उचलला.

चाचा आले होते. शेवटच्या रांगेत, कठड्याला टेकून बसले होते. कार्यक्रम संपल्यावर लोक दुधाभोवती गोळा झाले, तेव्हा ते पुढे आले आणि त्यांनी खाली वाकून आधी स्वतः केलेला आकडा बघितला, स्क्रू किती आवळलाय ते बोटानं तपासलं. मग म्हणाले, "सोमवारी हे घेऊन दुकानात ये. नातू तंबोऱ्याचा आवाज मोबाइलवर लोकांना पाठवतो, ऐकून जवारी काही कळत नाही कुणाला."

सोमवारी शाळा सुटल्यावर गेले. आकडा तंबोऱ्याच्या भोपळ्याला बसेना, म्हणून चाचांनी दुसऱ्या आकड्यासाठी तुकडा कापायला घेतला. तोवर मी माईक हातात धरून उभी राहिले, नातवानं फोन लावला, आणि चाचांनी खाली मान घालूनच सांगितलं, "आधी घोडीजवळ धर. मग तबलीच्या कडेला. मग दांडीकडे जा. टिकल्या आणल्यास का?"

आणल्या होत्या.